कॅमेरा सगळ्यात शेवटी ठरव

ताई, मी माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या गटाला १२ मिनिटांची फिल्म करायची आहे. दोनच पात्रं, आई आणि मुलगी. बहुतेक सगळं एका खोलीत घडतं, शेवटचा प्रसंग संध्याकाळी गच्चीवर. शूटिंगला तीन दिवस आहेत. गटातला एक जण म्हणतो, जमवलेले सगळे पैसे घालून मोठा कॅमेरा भाड्यानं आणू, नाहीतर फिल्म 'फोनवर काढल्यासारखी' दिसेल. दुसरी म्हणते, फोन पुरे, आवाज नंतर डब करू. एडिटिंग माझ्याकडे आहे आणि माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. ट्रायपॉड कॉलेजकडून मिळेल. काय घ्यावं, काय मागून आणावं, काय सोडून द्यावं? यावरून आमच्यात भांडणं व्हायला लागली आहेत.
— शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॅमेऱ्याबद्दल त्यात बरंच आहे, आवाजाबद्दल मात्र चारच शब्द: 'आवाज नंतर डब करू'. मी त्या चार शब्दांपासून सुरुवात करते, कारण तुमची फिल्म फसली तर तिथेच फसेल.

डबिंग सोपं वाटतं, कारण ते निवांत बसून करायचं काम आहे. पण त्यालाही शूटिंगच्या वेळचा बऱ्यापैकी स्वच्छ आवाज लागतोच. तो नसेल तर आपण कोणत्या शब्दावर थांबलो, कुठे श्वास घेतला, हे नटीला स्वतःलाच आठवत नाही. मग तिचं सगळं लक्ष ओठ जुळवण्यात जातं आणि बोलणं सपाट होतं. शिवाय डब करायचं म्हणजे नुसते संवाद नव्हेत. पावलं, कपड्यांची सळसळ, खुर्ची सरकवल्याचा आवाज, दाराची कडी, सगळं नव्यानं रेकॉर्ड करून एकेक जागी बसवावं लागतं. दोन माणसांच्या, एका खोलीतल्या फिल्ममध्ये हे काम शूटिंगपेक्षा जास्त दिवस खाईल. एखादं वाक्य बिघडलं तर तेवढंच डब करा, जरूर करा. पण सगळा आवाज नंतर करू, असं ठरवून सेटवर जाऊ नका.

मागे एका विद्यार्थी गटाचं एडिट बघायला बसले होते. रात्रीचा प्रसंग, दोन भाऊ अंथरुणावर पडून हळू आवाजात बोलतायत. चित्र देखणं होतं. चांगला कॅमेरा आणला होता, माइक मात्र त्या कॅमेऱ्यातलाच, पात्रांपासून दोन मीटर लांब. पहिला कट झाला आणि मागची घरघर एकदम थांबली. पुढच्या कटला पुन्हा सुरू. खोलीत उकडत होतं म्हणून टेकच्या मधल्या वेळात पंखा लावायचे, कधी बंद करायचे, कधी विसरायचे. त्यात कॅमेऱ्यानं आवाजाची पातळी आपोआप ठरवायची असं ठेवलेलं. त्यामुळे भाऊ बोलायचा थांबला की दोन सेकंदांत घरघर वर चढायची, आणि तो बोलायला लागला की खाली बसायची. ज्या एका वाक्यासाठी तो प्रसंग लिहिला होता ते वाक्य ऐकूच येत नव्हतं. शेवटी त्यांनी त्यावर संगीत टाकलं. त्या मुलांनी मनापासून मेहनत केली होती. सेटवर एकाच्या जरी कानाला हेडफोन असता तरी हे पहिल्याच टेकला कळलं असतं.

म्हणून तुमच्या जमवलेल्या पैशातून सगळ्यात आधी येईल तो माइक, आणि तो तोंडाच्या जवळ नेण्याची सोय. महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवणं केव्हाही चांगलं. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. म्हणजे २ मीटरवरचा माइक ५० सेंटिमीटरवर आणला तर १२ डेसिबल. खोलीचा घुमारा आणि लांबची वाहनं तेवढीच राहतात, आवाज मात्र त्यांच्या वर उचलला जातो. पैसे न घालता एवढा फरक करणारं दुसरं काहीही नाही.

तुमच्या फिल्मला मी बूम सुचवेन, म्हणजे काठीच्या टोकाला माइक आणि तो पात्राच्या डोक्यावरून, फ्रेमच्या जरा बाहेर धरलेला. भाड्यानं मिळालं तर छोटा रेकॉर्डर आणि समोरचा आवाज जास्त आणि बाजूचा कमी घेणारा एक माइक घ्या. खरी बूमची काठी नाही मिळाली तर रंगारी रोलर लावायला वापरतात ती लांब दांडी चालते. फक्त माइक तिला थेट बांधू नका, मध्ये रबराचं किंवा फोमचं काहीतरी घाला, नाहीतर हात सरकल्याची प्रत्येक खरखर आत जाईल. एक गोष्ट मात्र नीट बघा. शॉटगन नावाचे लांब नळीचे माइक मोकळ्यावर फार छान चालतात, पण छोट्या खोलीत भिंतींवरून परत आलेला आवाज त्यांना झेपत नाही आणि संवाद पोकळ, डब्यात बोलल्यासारखे येतात. खोलीसाठी सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड जातीचा छोटा माइक मिळाला तर तो आणा. दोन्ही परवडत नसतील तर जो मिळेल तो आणा, आणि खोलीत जाड पांघरुणं, गाद्या, पडदे फ्रेमच्या बाहेर टांगून घुमारा कमी करा.

रेकॉर्डर मिळालाच नाही तर कॉलर माइक आणि जास्तीचा एक फोन. माइक कपड्याच्या आत, छातीच्या मधोमध टेपनं चिकटवायचा, फोन खिशात, रेकॉर्डिंग सुरू. सुती कपडा कमी सळसळतो, सिंथेटिक फार. माइक घेताना पिनेवरच्या काळ्या रेषा मोज. साधारणपणे दोन रेषांची पिन कॅमेऱ्यासाठी किंवा रेकॉर्डरसाठी असते, तीन रेषांची फोनसाठी. चुकीची पिन घातली तर फोन बाहेरच्या माइकऐवजी स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि स्क्रीनवर पातळी हलताना दिसते, त्यामुळे कोणालाच संशय येत नाही. खात्री करायला रेकॉर्डिंग चालू ठेवून कॉलर माइकवर बोटानं हळूच टकटक कर आणि परत ऐकून बघ. टकटक जोरात आली तर ठीक.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेव, आपोआप पातळी ठरवणारा पर्याय बंद कर, आणि मोठ्यानं बोललेला शब्दही साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल एवढीच पातळी ठेव. शून्य ही मीटरची सगळ्यात वरची मर्यादा, त्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. हात एकमेकांना भिडतात ती फ्रेम आणि आवाजातलं ते टोकदार शिखर जुळवलं की चित्र आणि आवाज एकत्र. आणि प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांना एक मिनिट स्तब्ध उभं करून नुसती खोली रेकॉर्ड करा. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटला बसशील तेव्हा दोन वाक्यांमधली भोकं याच एका मिनिटानं बुजवता येतात. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना घराच्या किल्ल्या त्यातच ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. आवाजाची माणसं हे नेहमी करतात.

आता कॅमेरा. तुझ्या मित्राची भीती खोटी नाही. 'फोनवर काढल्यासारखी' दिसणारी फिल्म आपण सगळ्यांनी बघितली आहे. पण तशी ती का दिसते ते बघू. पात्र खिडकीपाशी गेलं की चेहरा मधेच काळवंडतो आणि मग आपोआप उजळतो. तोच चेहरा एका शॉटमध्ये पिवळट, पुढच्यात निळसर. हात हलवला की हालचाल तुटक, टोचल्यासारखी. जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले. यातलं बहुतेक फोन स्वतःच्या बुद्धीनं दर क्षणाला निर्णय घेतो म्हणून होतं. त्याच्या हातातून निर्णय काढून घ्या. एक्सपोजर (चित्र किती उजळ), व्हाइट बॅलन्स (रंग किती पिवळट की निळसर) आणि फोकस लॉक करता येईल असं अॅप वापरा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप फुकट आहे आणि आयफोन व अँड्रॉइड दोन्हीकडे आहे, फक्त तुमच्या फोनवर चालतं का ते आधी बघा. एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक वाढवून दाखवणारा पर्याय, बंद करा. अनेक फोनवर ते आपोआप चालू असतं आणि एडिटला आणल्यावर खिडक्या, कपाळं सगळं पांढरं फटफटीत दिसतं. डिजिटल झूमला हात लावू नका, मुख्य लेन्सच वापरा, चेहरा हवा असेल तर पात्राच्या नाकाशी फोन न नेता थोडं मागे राहा आणि नंतर क्रॉप करा. फोन विमान मोडवर टाका. आणि लेन्स पुसा, प्रत्येक शॉटच्या आधी. दिव्याभोवती जे धुरकट वलय दिसतं ते बहुतेक वेळा बोटाचा ठसा असतो.

शटरचं गणित एकदा समजून घे. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं, शटर म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड किती वेळ आत येतो. शटरचा आकडा फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवला की हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. २५ फ्रेमला १/५० सेकंद, ३० फ्रेमला १/६०. याला आणखी एक कारण आहे. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथले अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून तिथे २५ आणि १/५० धरलं तर चित्रात पट्टे सरकत नाहीत. ६० हर्ट्झ असेल तिथे ३० आणि १/६०. दिवसा बाहेर १/५० वर चित्र जळतं, कारण बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही. त्यासाठी लेन्ससमोर लावायचा एनडी फिल्टर, म्हणजे चित्राचा रंग न बदलता उजेड अडवणारी काच. ती घ्याच, छोटी वस्तू आहे.

मोठा कॅमेरा कधी आणावा? गटातल्या कोणाला तो आधीपासून हाताळता येत असेल आणि तो ओळखीतून मिळत असेल तर आनंदानं आणा. कमी उजेडात तो स्वच्छ चित्र देईल, आईच्या चेहऱ्यामागची भिंत विरघळेल. ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ/१.८ पर्यंत, म्हणजे बरीच मोठी उघडणारी एक साधी लेन्स पुरते. पण उघड्या लेन्सवर फोकसची जाडी काही सेंटिमीटरच उरते. मुलगी पुढे झुकली की डोळे धूसर आणि कान स्पष्ट. फोकस सांभाळायला वेगळा माणूस लागतो आणि तुम्ही चौघंच आहात. अनोळखी कॅमेरा पहिल्यांदा शूटिंगच्या सकाळी हातात आला तर पहिला दिवस मेन्यू शोधण्यात जातो. आणि कॅमेऱ्यात लॉग नावाचा फिकट, राखाडी चित्राचा पर्याय दिसला तर मोहात पडू नका. तो रंगकामाची सवय असणाऱ्यांसाठी आहे, आणि रंगछटा कमी साठवणाऱ्या ८ बिटच्या फुटेजवर त्याचे रंग ओढूनताणून वर आणले की भिंतींवर पायऱ्या दिसतात. सगळे पैसे घालून कॅमेरा भाड्यानं आणायला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. मग माइकला काही उरणार नाही.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या खोलीला खिडकी असेलच. पात्राला खिडकीच्या बाजूला वळवून बसवा, दुसऱ्या बाजूनं पांढरा थर्माकोल धरून सावली हलकी करा, किंवा काळं कापड धरून गडद करा. छतावरचा दिवा बंद. खिडकीचा निळसर उजेड आणि पिवळा बल्ब एकाच चेहऱ्यावर आले की एडिटला त्यांना वेगळं करता येत नाही.

कॅमेरा शेवटी ठरव असं म्हणते, त्याचा अर्थ हा. पुढच्या आठवड्यात, काहीही भाड्यानं घेण्याआधी, हाताशी असलेल्या वस्तूंनी एक मिनिटाची फिल्म पूर्ण करा. त्याच खोलीत, दोन माणसं, सहा-सात शॉट, चार वाक्यं. शूट करा, कॉपी करा, आवाज जुळवा, कापा, रंग सारखे करा, एक्सपोर्ट करा आणि जिथे फिल्म दाखवायची आहे त्याच पडद्यावर, त्याच स्पीकरवर बघा. काय कमी पडलं ते तिथे बसल्याबसल्या कळेल. खोली घुमते का, लॅपटॉप अडकतो का, फोनचं चित्र मोठ्या पडद्यावर टिकतं का. तुमच्या भांडणाचा निकालही त्याच मिनिटात लागेल, आणि तो कोणाच्या मताचा नसेल. त्यानंतर जे लागतं असं दिसेल तेवढंच आणा.

या चाचणीत लॅपटॉपचाही कस लागेल. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती विद्यार्थ्यांना हवं ते जवळजवळ सगळं देते आणि फोर-केपर्यंत एक्सपोर्ट करते, पण ८ जीबी रॅमवर तिला धाप लागते. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट फुकट आहेत, हलकी आहेत, आणि १२ मिनिटांच्या फिल्मला भरपूर आहेत. कोणतंही निवड, पण प्रॉक्सी बनवायला शिक. प्रॉक्सी म्हणजे मूळ फुटेजची लहान, हलकी प्रत. कापाकापी तिच्यावर करायची, एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइलकडे परत जातं. शूटिंग फोर-केमध्ये करून एडिटची टाइमलाइन त्याच्या निम्म्या रुंदी-उंचीच्या फुल एचडीत ठेवलीस तर चित्र न बिघडता फ्रेम निम्म्यापर्यंत क्रॉप करता येते, चेहऱ्याच्या शॉटना ती जागा फार कामी येते.

फोनच्या फुटेजची एक खोड आहे, ती आताच सांगते, कारण तिनं मी अनेकांना रात्रभर जागताना पाहिलंय. अनेक फोन ठरलेल्या फ्रेम रेटवर टिकून राहत नाहीत, उजेड आणि उष्णता पाहून मधूनच कमी-जास्त करतात. टेकच्या सुरुवातीला टाळी अचूक जुळलेली असते आणि चौथ्या मिनिटाला ओठ मागे पडलेले. आवाज सरकवला की शेवट जुळतो, सुरुवात बिघडते. उपाय असा: एडिटला घेण्याआधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल काढून घे, गुणवत्ता उंच ठेव आणि फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' कर. मूळ फाइल तशीच जपून ठेव.

जागेचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे तो सेकंदाला किती मेगाबिट लिहितो, तो ८ नं भागला की सेकंदाला किती मेगाबाइट ते कळतं. १०० मेगाबिटवर सेकंदाला साडेबारा, म्हणजे तासाला ४५ जीबी. १२ मिनिटांच्या फिल्मसाठी दहापट फुटेज धरलं तर दोन तास, ९० जीबी. तेवढं दोन वेगळ्या डिस्कवर मावलं पाहिजे. मेमरी कार्ड 'व्ही३०' छापलेलं घ्या, ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहितं, आणि नवीन कार्ड एकदा पूर्ण भरून, फाइल उघडून तपासा, कारण नकली कार्ड खोटी क्षमता दाखवतात. मी शिकत असताना आमच्या गटानं एक अख्खा प्रसंग गमावला. कॉपी झाली असं एकानं धरलं, दुसऱ्यानं कार्ड फॉरमॅट केलं. त्या प्रसंगातले काका नंतर पुन्हा येऊ शकले नाहीत, आणि फिल्ममध्ये ती जागा तशीच राहिली. म्हणून नियम करा: कार्ड फक्त एकाच माणसानं रिकामं करायचं, आणि तेही दोन प्रती प्रत्यक्ष चालवून बघितल्यावर.

तो माणूस कोण, हे आजच ठरवा. तसंच हेडफोन कोणाच्या कानाला, हेही. माझं मत विचारशील तर डबिंगचा आग्रह धरणाऱ्या मैत्रिणीलाच बूम आणि हेडफोन द्या. एकदा कान आतून ऐकायला लागले की ती स्वतःच शॉट थांबवून सांगेल, लांबून विमान जातंय, जरा थांबा. आणि मोठा कॅमेरा मागणाऱ्या मित्राला चाचणीच्या मिनिटाचा कॅमेरामन करा. त्याला चित्राची तळमळ आहे, ती वाया घालवू नका.

राहिली गच्ची. सूर्य टेकला की उजेड दर काही मिनिटांनी उतरतो, म्हणून व्हाइट बॅलन्स लॉकच ठेवा, पण एक्सपोजर प्रत्येक शॉटच्या आधी नव्यानं लावा. शॉटच्या मधे कधीही नाही. माइकवर केसाळ आवरण चढवा, साधा फोम गच्चीवरच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. रुंद शॉट आधी घ्या, चेहरे नंतर, कारण अंधारत गेलं तरी चेहऱ्याला थर्माकोल किंवा छोटा दिवा मदत करतो, आकाशाला करत नाही. आणि हा प्रसंग शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्याच संध्याकाळी काढा, दोघींची तालीम आधी नीट करून घेऊन. ढग आले किंवा वारा सुटला तर तुमच्या हातात आणखी दोन संध्याकाळी असतील.